लॅटिन नाव फेकलं की वाद जिंकला?

स्पष्टवक्ती: 'तर्कदोषांची दहा लॅटिन नावं पाठ करा, एकही वाद हरणार नाही' ही पोस्ट काल सगळीकडे फिरत होती. डोकं उठलं ती वाचून. आमच्या समितीत एका सदस्याने कंत्राटासाठी एकाच माणसाचा आग्रह धरला. मी विचारलं, 'तो तुमचा मेहुणा ना?' लगेच उत्तर, 'हे अ‍ॅड होमिनेम झालं!' म्हणजे मुद्दा सोडून माणसावरच हल्ला. चार माणसं दबकली, विषय संपला आणि काम मेहुण्यालाच गेलं. मी त्याच्या दिसण्याबद्दल बोलले असते तर गोष्ट वेगळी. जिथे नातं हाच मुद्दा आहे, तिथे नात्याबद्दल विचारणं हा दोष कसा? आणि युक्तिवाद सदोष निघाला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. 'कोंबडा आरवतो म्हणून उजाडतं, तेव्हा उद्याही उजाडेल' हा तर्क चूक आहे, पण उद्या उजाडणारच आहे!

तर्कट: एका लबाड माणसापायी सगळी नावं मोडीत काढू नका. आमच्या काकांनी आयुष्यभर एकच काढा सगळ्यांना पाजला. घेतला की ताप उतरतो, हा पुरावा. ताप आपोआपही उतरतो, हे मला 'पोस्ट हॉक' (नंतर घडलं म्हणून त्यामुळेच घडलं, असं मानण्याचा दोष) वाचल्यावर सुचलं. नाव नसतं तर नुसतंच 'काहीतरी खटकतंय' म्हणत बसलो असतो. ती पोस्ट भंपक आहे, एवढं मान्य.

स्पष्टवक्ती: काकांना 'पोस्ट हॉक' म्हणून पटलं का? की काढा न घेता उतरलेला ताप दाखवावा लागला?

तर्कट: दाखवावा लागला. पण काय दाखवायचं ते त्या नावामुळेच कळलं ना!

जुनं खोड: नावं फेकणाऱ्यांनी आधी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक वाचावा. १६९० च्या निबंधात त्याने 'अ‍ॅड होमिनेम' म्हटलंय ते समोरच्याच्याच तत्त्वांवरून त्याला कोंडीत पकडण्याला, वैयक्तिक चिखलफेकीला नव्हे. मोठ्या नावाच्या भिडेने गप्प करणं हे त्याचं 'अ‍ॅड व्हेरेकुंडियम'. समितीत त्या चौघांना नेमकं त्यानेच गप्प केलं. तर्कदोषांचा अभ्यासक हॅम्ब्लिन याने १९७० मध्येच तक्रार केली होती की पाठ्यपुस्तकं तीच यादी पुढे ढकलत राहतात.

न्यायप्रेमी: मुळात लॅटिन कशाला? न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, ५ हेत्वाभास (सदोष कारणं), ३ छल (समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणं), २२ निग्रहस्थानं (वादात हरल्याच्या जागा) आहेत. शाळेत यातलं एक अक्षर शिकवलं नाही, याचा संताप येतो.

तर्कट: आलं, 'आपल्याकडे सगळं आधीच होतं'! हेत्वाभास हा हेतूचा, म्हणजे दिलेल्या कारणाचा, दोष. 'डोंगरावर आग आहे, कारण डोंगर ज्ञेय आहे'. ज्ञेय, म्हणजे जाणता येण्याजोगं, तर तळंही आहे, पण तिथे आग नसते. बरोबर, पण समितीतला प्रकार त्या पाचांत कुठे बसतो?

न्यायप्रेमी: 'आधी होतं' असं मी कुठे लिहिलं? माझ्या तोंडी वाक्य घालून त्याला झोडपू नका. आणि पाचांतच का शोधता? निग्रहस्थानांत 'मतानुज्ञा' बघा: स्वतःवरचा दोष न खोडता 'तो तुमच्यातही आहे' म्हणणं. तुमचं 'टू क्वोक्वे' तेच की! तिथे तो माणूस सरळ हरला असं धरतात.

तर्कट: आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही. मतानुज्ञा जुळतं, ठीक. 'पोस्ट हॉक' दाखवा.

न्यायप्रेमी: कुंभाराचं गाढव. गाढवाने माती आणली, मग घडा झाला. म्हणून गाढव घड्याचं कारण नव्हे; तीच माती डोक्यावरूनही आणता आली असती. 'अन्यथासिद्ध' म्हणतात त्याला, म्हणजे ज्याच्यावाचूनही काम झालं असतं ते. कारिकावली या न्यायाच्या ग्रंथात त्याचे पाच प्रकार दिलेत, वाचा.

तर्कट: गाढव चपखल आहे, नाइलाजाने मान्य. पण उद्या कोणी 'अन्यथासिद्ध!' ओरडून बैठक गुंडाळली, तर त्याला तुम्ही अडवणार का?

न्यायप्रेमी: अडवणार. गाढव कोणतं आणि माती दुसरीकडून कशी आली असती, हे त्याने तिथेच सांगायचं.

स्पष्टवक्ती: अहो, मी सकाळपासून दुसरं काय म्हणतेय?