फलक लावल्यावर पोलिसांनी तोंडी बोलावले: मदत हवी आहे

नमस्कार. रस्त्याच्या रखडलेल्या कामाबद्दल आम्ही चार रहिवाशांनी एका पुठ्ठ्यावर मार्करने ‘काम कधी पूर्ण होणार?’ एवढेच लिहून तो आमच्याच फाटकाला बांधला होता. त्यात कोणाचे नाव नव्हते आणि शिवीगाळ तर नव्हतीच. दुसऱ्या दिवशी एका हवालदारांनी तो उतरवला, माझा मोबाईल मागून त्यातील ग्रुपवरचे संदेश उभ्या उभ्याच वाचले आणि ‘उद्या ठाण्यात येऊन जा’ असे तोंडी सांगितले. नोटीस किंवा पोचपावती काहीच दिली नाही.

माझ्या वाचनानुसार १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७९ खाली साक्षीदाराला आणि कलम ३५(३) खाली संशयिताला बोलावायचे झाले, तरी ते लेखीच असावे लागते. शिवाय कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. मात्र मोबाईल जप्त न करता नुसता चाळला असेल, तर ती ‘झडती’ धरली जाते का, हाच माझा मुख्य प्रश्न आहे.

दुसरे असे, की जमावबंदीचा आदेश लागू असल्याचे मोघम सांगण्यात आले. त्याची प्रत मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा, की थेट पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी? मला वाद वाढवायचा नाही, परंतु संविधानाच्या कलम १९(१)(अ) ने दिलेले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य पुठ्ठ्याच्या तुकड्यालाही लागू असावे, असे वाटते. फौजदारी वकिली करणाऱ्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.