अनुभव धागा : छावणीत तुम्ही कुठल्या वाटेने शिरलात?

माळा आवरताना पाच सीडींचा संच सापडला. 'फार क्राय', २००४ चा बंदुकीचा काँप्युटर गेम. दोन सीडींवर चरे, एकीवर माझ्याच अक्षरात 'देऊ नये' असं लिहिलेलं. म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅक कार्व्हर नावाचा माजी सैनिक, अंगात लाल हवाई शर्ट, मायक्रोनेशियातल्या बेटांवर एका पत्रकार बाईंना बोटीने सोडायला येतो. बोट उडवली जाते. तो एका जुन्या भुयारात शिरतो, अंधारात चाचपडत पुढे सरकतो आणि मग तोंडाशी येतो. ऊन, निळा समुद्र, खाली किनारा, पलीकडे डोंगर. तोपर्यंत बंदुकीचे गेम म्हणजे माझ्या लेखी बोळ होते : एक दार, एक जिना, पुन्हा एक दार. इथे समोर टेकडी दिसत होती आणि तिच्यावर खरंच चालत जाता येत होतं. मी पाच मिनिटं नुसता उभा. मागून आई म्हणाली, "बंद पडलं का रे?"

शत्रूच्या पहिल्या छावणीत सरळ रस्त्याने जायचा धीर झाला नाही. समुद्रात उतरलो आणि वळसा घालून मागच्या बाजूने वर आलो. पाऊण तास गेला. एक पहारेकरी पाठमोरा उभा होता. त्याच्यावर नेम धरला, आणि मनोऱ्यावरच्या दुसऱ्याने मला टिपलं. मनोरा मी बघितलाच नव्हता.

तर तुमचं बेट कोणतं? 'फार क्राय', 'क्रायसिस', 'फार क्राय ३', काहीही चालेल. कथा सगळ्यांना ठाऊक आहे, तुमची वाट सांगा.

रात्रपाळी (नागपूर)

आमच्याकडे २००५ साली हॉस्टेलच्या एका खोलीत एकच काँप्युटर आणि त्याला सहा मालक. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर गेम धड चालेना. मग वर्गणी काढून सेकंडहँड कार्ड आणलं, पंख्याशिवायचं. ते इतकं तापायचं की कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन आत सोडायचो. सगळ्या सेटिंग 'लो'वर.

पण खरा शत्रू लोडशेडिंग. या गेममध्ये हवं तिथे सेव्ह करायची सोय नव्हती, ठरावीक टप्पा गाठला तरच सेव्ह. आणि दोन टप्प्यांमधलं अंतर म्हणजे सरपटत गेलात तर अर्धा तास. गावाकडे सात-आठ तास वीज नसायची, आमच्याकडे वेळापत्रक होतं पण ते कोणी पाळत नसे. यूपीएस होता, त्याची बॅटरी मेलेली. वीज गेली की साधारण तीन मिनिटं चिवचिवायचा.

एकदा मी बंकरच्या दाराशी पोचलो होतो. चाळीस मिनिटं गवतात पालथा, एकही गोळी न झाडता. पाच जण मागे श्वास रोखून. पी... पी... पी. आमच्यातला एक ओरडला, "पळ! आता लपून काय करतो बे!" उठलो आणि सुटलो. सगळे पहारेकरी मागे, गोळ्या पाठीत, तब्येतीची पट्टी संपत आलेली, आणि दाराच्या आत पाय पडताच टप्पा सेव्ह झाल्याची अक्षरं. पुढच्या क्षणी पडदा काळा. अख्ख्या मजल्यावर अंधार आणि आमच्या खोलीत शिट्ट्या. वॉर्डन वर आला.

गंमत अशी की वीज आल्यावर गेम त्याच टप्प्यापासून सुरू झाला : पट्टी संपत आलेली आणि मागे सगळी फौज. पुढचे तीन दिवस तिथेच मरत होतो.

धागाकर्ता : रात्रपाळी, कन्सोल उघडून सेव्हची आज्ञा टाइप केली की कुठेही सेव्ह होत असे. मलाही फार उशिरा कळलं.

रात्रपाळी : वीस वर्षांनी सांगताय होय!

दुर्बीणताई (नाशिक)

मी आणि दादा. नियम साधा होता : मेलं की माऊस दुसऱ्याच्या हातात. दादा रॉकेटसारखा घुसायचा, दोन मिनिटांत मरायचा आणि मग माझी पाळी पाऊण तास चालायची. कारण मी मरतच नसे. मी काही करतच नसे ना!

त्या गेममधली दुर्बीण आठवते का? नुसती लांबचं दाखवणारी नव्हती, तिला माईक होता. दूरच्या दोन पहारेकऱ्यांवर रोखली की त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. कंटाळलोय, इथे काय ठेवलंय, तो डॉक्टर विचित्रच आहे, असलं काहीबाही. शिवाय एकदा दुर्बिणीत पकडलेला माणूस नंतर रडारवर ठिपका होऊन दिसत राहायचा. मी टेकडीवर बसून अख्खी छावणी मोजायची. कोण कुठे वळतो, कोण एकटा पडतो. दादा शेजारी तडफडायचा, "अगं मार ना कुणाला तरी!"

मग दगड. खिशातला दगड झुडपात भिरकावला की आवाजाच्या दिशेने एक जण बघायला यायचा. एकच यायचा असं नाही, हे मला फार महागात पडून कळलं.

दादाचा आक्षेप असा की हा गेम मारायचा आहे, बघायचा नाही. मला अजूनही तसं वाटत नाही.

माडाखाली (मालवण)

माझो अनुभव वेगळो. पुण्यात मावसभावाकडे पहिल्यांदा बघितला. तो कौतुकाने दाखवतोय, पाणी बघ, झाडं बघ. आणि मला घरची आठवण येऊन रडू फुटायच्या बेतात. वसतिगृहातलं पहिलं वर्ष होतं.

पुढे सुट्टीत गेम घरी नेला. बाबा मागे खुर्ची टाकून बसले. पडद्यावर लांबलचक किनारा, एक पान पडलेलं नाही. म्हणाले, "हय रोज केर कोण काढता रे?" मग होडी आली. होडी वाळूवर नीट लावली नाही म्हणून माझ्यावरच चिडले. भरतीला जाईल म्हणे. त्यांना कसं सांगू की या समुद्राला भरती नाही!

एक मात्र त्या लोकांनी नेमकं पकडलं होतं. दाट झाडीतून येताना समुद्र आधी दिसत नाही, आधी उजेड बदलतो. ते बघून बाबासुद्धा गप्प झाले.

फ्रँकफुर्टकर

माडाखाली, तुमच्या बाबांसाठी माहिती. ते बेट बनवणारी क्रायटेक कंपनी जर्मनीतल्या कोबुर्ग या छोट्या गावातली, येर्ली बंधूंनी काढलेली. आधी डायनोसॉर असलेल्या बेटाचं एक प्रात्यक्षिक केलं होतं, एनव्हिडियाच्या कार्डांची ताकद दाखवायला. त्यातून हा गेम उभा राहिला. २००६ मध्ये कंपनी आमच्या फ्रँकफुर्टला आली. इथे नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. असल्या हवेत राहणाऱ्यांनी ऊन इतकं जीव लावून रंगवलं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. मी स्वतः हिवाळ्यात 'क्रायसिस' सुरू करतो आणि किनाऱ्यावर उभा राहतो. बायको म्हणते, हीटर स्वस्त पडेल.

ठाणेकर ७७

'क्रायसिस'चा विषय निघालाच आहे तर. नोव्हेंबर २००७. पहिल्या पगारातून लॅमिंग्टन रोडवरून कार्ड घेतलं. दुकानदाराला ऐटीत विचारलं, 'क्रायसिस' चालेल ना? तो म्हणाला, "चालेल. पळणार नाही."

खरं बोलला. मी आयुष्यात स्लाइडशोमध्ये लढाई केली आहे. पण काय गेम! उत्तर कोरियाच्या सैन्याने व्यापलेलं बेट, अंगात नॅनोसूट, त्याच्या जोरावर अदृश्य व्हा, नाहीतर उडी मारून छपरावर जा. गोळ्यांनी झाडं मधोमध मोडायची. माझी लाडकी युक्ती : कोंबडी उचलायची आणि सैनिकावर फेकायची. सैनिकाला काही होत नसे, मला बरं वाटायचं.

काजूगर : ट्रायजेन (प्रयोगातून बनवलेली ती माकडासारखी जनावरं) आले आणि मी 'फार क्राय' सोडला. बस्स.

दुर्बीणताई : +१. माणसं बोलतात, कंटाळतात, फसतात. ती माकडं नुसती उडी मारून अंगावर येतात. दुर्बीण काय कामाची मग?

धागाकर्ता : सहमत. शिवाय तंबूच्या कापडाआडून पहारेकऱ्यांना आपण दिसायचो, तो राग वेगळाच.

पिंजरेवाला (पुणे)

मी तुमच्यापेक्षा लहान, त्यामुळे माझं बेट 'फार क्राय ३'चं, २०१२. सगळे व्हासचं कौतुक करतात. खलनायक भारी आहेच, पण मला आठवतो तो पिंजरा. काही छावण्यांत एखादं जनावर कोंडलेलं असतं. मी लांबून फक्त पिंजऱ्याच्या दारावर गोळी घातली. वाघ बाहेर आला. मी टेकडीवर बसून चिवडा खात होतो. आरडाओरडा संपला, छावणी माझ्या नावावर झाली आणि मी खाली उतरलो. वाघ तिथेच होता. हा भाग मी विचारात घेतला नव्हता.

अशा चौतीस छावण्या आणि अठरा रेडिओ मनोरे. मनोरे चढून कंटाळा आला हे कबूल करतो. दहाव्यानंतर ते हजेरी लावल्यासारखं झालं.

तांडेल (निवृत्त, रत्नागिरी)

मुलांनो, वय ६६, तेव्हा चूकभूल द्यावी. मर्चंट नेव्हीत होतो. निवृत्त झाल्यावर पहिला 'फार क्राय' मुलाने बसवून दिला.

सुरुवातीला एक गंजलेलं विमानवाहू जहाज किनाऱ्याला लागलेलं आहे, आठवतंय? मायक्रोनेशियात चूक (Chuuk) नावाच्या बेटांचं खारकच्छ आहे, म्हणजे प्रवाळाने वेढलेलं समुद्राचं पाणी, तेव्हा त्याला ट्रूक म्हणत. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी तिथे जपान्यांची डझनावारी जहाजं बुडवली, अजून तळाशी आहेत, पाणबुडे बघायला जातात. विमानवाहू त्यात एकही नव्हतं, बहुतेक मालवाहू. आमच्यासारखीच माणसं असणार त्यांवर. म्हणून त्या गंजक्या जहाजात शिरताना मी उगाच हळू चालतो. गोळ्या झाडल्या की पत्र्यावर आवाज घुमतो, तो बरोबर केला आहे.

शेवटच्या ज्वालामुखीच्या पातळीत चार महिने अडकलो आहे. ती रॉकेटवाली माकडं एका वेळी किती येतात! बोटं तेवढी चालत नाहीत आता.

रात्रपाळी : काका, तो सेव्हचा कन्सोल वापरा. एकेक मारा, सेव्ह करा. मी पायऱ्या लिहून देतो.

तांडेल : नको रे. मुलगाही तेच म्हणाला. रोज एकदा वर जातो, मरतो, आणि मग सुरुवातीच्या पातळ्यांत परत येऊन रबरी बोट काढतो. पहारेकरी आधीच मारून ठेवायचे, म्हणजे निवांत. काल अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालायला निघालो होतो, पण नकाशाच्या कडेशी हेलिकॉप्टर येऊन उडवतं. आज जरा किनाऱ्याला धरून बघतो.