काउंटीमुळे फरक फक्त 4 टक्के, मग मल्टिलेव्हल मॉडेल कशाला?

सोलापुरी_चादर:
अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसमध्ये एमएस करतेय. सरावासाठी पेनसिल्व्हेनियातल्या शिक्षांचा डेटा दिलाय. राज्यातल्या 67 काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या), प्रत्येकीतले साधारण 100 खटले, आउटकम म्हणजे शिक्षेचे महिने. एकही प्रेडिक्टर (शिक्षेवर परिणाम करू शकणारा घटक) न घालता मल्टिलेव्हल मॉडेल, म्हणजे खटला आणि काउंटी या पातळ्या वेगळ्या धरणारं मॉडेल, चालवलं. आयसीसी, म्हणजे शिक्षेतल्या एकूण फरकातला काउंट्यांमधला वाटा, आला 0.04. एवढ्याशा फरकासाठी सगळे खटले स्वतंत्र धरणारं साधं रिग्रेशन का चालत नाही? शिवाय आरोपीचा पूर्वीच्या गुन्ह्यांचा स्कोअर ग्रँड मीनवर सेंटर करू (म्हणजे त्यातून सगळ्या खटल्यांची सरासरी वजा करू) की ग्रुप मीनवर (त्या-त्या काउंटीची सरासरी)? सूत्रं पाठ आहेत, पण त्या एकेका ओळीत तुरुंगात गेलेला एक माणूस आहे. नुसता कोड चालला म्हणून मला समाधान नाही.

आकडेमोड:
4 टक्के वाचून फसू नका. डिझाइन इफेक्ट काढा, म्हणजे एकाच काउंटीतले खटले एकमेकांसारखे असल्याने माहिती किती पट घटते ते: 1 + (100 − 1) × 0.04 = 4.96. म्हणजे काउंटीच्या पातळीवरचं काही तपासताना, उदाहरणार्थ तिथली गरिबी, तुमचे 6,700 खटले जेमतेम 1,350 स्वतंत्र खटल्यांच्या तोलाचे. साध्या रिग्रेशनमध्ये स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) खऱ्याच्या निम्म्याहून कमी दिसेल आणि नसलेला परिणाम 'सिग्निफिकंट' ठरेल. त्यावर उद्या कुणी धोरण आखलं तर?

सेंटरिंगचं म्हणाल तर आधी प्रश्न ठरवा. ग्रुप मीन घेतलात, तर आरोपीची तुलना त्याच्याच काउंटीतल्या इतरांशी होते. मी तोच घेईन, आणि काउंटीची सरासरी दुसऱ्या पातळीवर वेगळी घालेन. दोन्ही परिणाम एकाच आकड्यात कालवले की काहीच कळत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने 1950 मध्ये दाखवलं, की व्यक्तींच्या आणि गटांच्या पातळीवरचे संबंध उलटेही असू शकतात. 1930 च्या अमेरिकी जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता जास्त होती, पण ते जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी! कारण ते जिथे साक्षरता जास्त होती, तिथेच जाऊन राहिले होते.

नदीकाठ:
वरच्यांशी सहमत. भर एवढीच, की आयसीसी सरासरीतला फरक सांगतो, उतारातला (स्कोअर वाढला की शिक्षा किती वाढते, यातला) नाही. एका काउंटीत जुना गुन्हा जड जात असेल, दुसरीत कमी. स्कोअरला रँडम स्लोप देऊन बघा, म्हणजे हा उतार काउंटीगणिक वेगळा असू द्या.

आणि सॅम्पसन, रॉडनबुश, अर्ल्स यांचा शिकागोवरचा 1997 चा 'सायन्स' या नियतकालिकातला लेख वाचाच. 343 वस्त्या, 8,782 रहिवासी. तिथे पहिली पातळी माणसाची नाही, प्रश्नावलीतल्या प्रश्नांची आहे. प्रश्न माणसात, माणूस वस्तीत. शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास असा मोजता येतो हे पाहून मी याच विषयात राहिलो.

सोलापुरी_चादर:
मनापासून आभार. दोन्ही पातळ्या वेगळ्या करून चालवलं. स्कोअरचा परिणाम काउंटीच्या आत ठळक आहे, काउंटीच्या सरासरीचा जवळजवळ नाहीच. आता रँडम स्लोप लावते. पण डेटात न्यायाधीशांचा क्रमांकही आहे. खटला, न्यायाधीश, काउंटी अशा तीन पातळ्या घ्यायच्या, तर ज्या काउंटीत एकच न्यायाधीश आहे तिचं काय करायचं?