बाबांना एएफ निघालं, कशामुळे होतं हे?

कृष्णाकाठची: बाबा ६३ वर्षांचे, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला तर त्यात एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) निघालं. त्यांना तसा काहीच त्रास नाही, छातीत दुखत नाही, धडधड नाही, जिना चढताना दम लागतो पण ते आम्ही वजनावर ढकलत होतो (९२ किलो आहे). बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू आहे पण आठवेल तेव्हा घेतात, शुगर बॉर्डरवर, सिगरेट नाही, शनिवारी मित्रांबरोबर बसणं मात्र ठरलेलं. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिलीये, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉइड करायला सांगितलंय. आई म्हणते टेन्शन घेतल्यामुळेच झालं, काका म्हणतात छोटा अटॅक येऊन गेला असेल. नक्की काय समजायचं? मला आणि भावाला पण होऊ शकतं का?

वॉर्डातला_माणूस: ताई, हा अटॅक नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी नळी बंद होते, इथे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळायचं सोडून नुसते थरथरत राहतात, त्यामुळे नाडी कशीही पडते. खरी भीती गुठळीची. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवीसारखी जागा असते, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा, आणि एएफमध्ये हा धोका साधारण ५ पट असतो. त्रास होत नसला तरी असतो! म्हणून ती गोळी एक दिवसही चुकवू देऊ नका, आणि कोणी म्हणालं की त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन घ्या तर ऐकू नका, एएफच्या गुठळीसाठी अ‍ॅस्पिरिन पुरत नाही.

कारणं बरीचशी तुम्हीच लिहिलीत. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की खालचा कप्पा जाड, ताठ होतो, मग वरच्यावर दाब येऊन तो ताणत जातो. इकोच्या रिपोर्टमध्ये एलए साइज (डाव्या वरच्या कप्प्याचा आकार) लिहिलेली असते ती बघा. त्यात वय, वजन, शुगर, दारू, थायरॉइड जास्त असेल तर तेही. एक विचारू, बाबा घोरतात का?

कृष्णाकाठची: घोरतात म्हणजे काय, शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मधेच श्वास बंद पडल्यासारखा होतो, मग एकदम जोरात घेतात, आई हलवून जागं करते.

वॉर्डातला_माणूस: मग हे पुढच्या व्हिजिटला पहिलं सांगा, कारण आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असं धरतात आणि डॉक्टरला कोणी सांगतच नाही. हा स्लीप अ‍ॅप्निया वाटतोय, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी) करून घ्या. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहतो, बीपी उसळतं, आणि याचा इलाज नाही केला तर शॉक देऊन किंवा अ‍ॅब्लेशन करून (नळी घालून हृदयातली बिघाड करणारी जागा जाळून) ठोका लायनीवर आणला तरी परत बिघडायची शक्यता जास्त.

सह्याद्री७१: वजनाचं मी सांगतो कारण माझं स्वतःचं एएफ आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला लेगसी म्हणून अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, त्यात ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं त्यांचा ठोका नीट राहण्याची शक्यता बाकीच्यांच्या ६ पट होती. बाबांसाठी म्हणजे ९ किलो. गुडघ्यामुळे चालणं होत नसेल तर ताटातूनच कमी करायचं, रात्रीचा भात, फरसाण इथून सुरुवात. आणि शनिवारची बैठक बंद, प्लीज, दारू सोडलेल्यांना एएफ परत कमी येतं हेही सिद्ध झालंय.

मालवणची_सून: सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही हं. माझ्या आत्याला चाळिशीतच झालं, बीपी नाही वजन नाही, इकोत मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) आकसलेला निघाला, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता त्याचा परिणाम. अशा पेशंटला रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्या चालत नाहीत, वॉरफरिन किंवा एसिट्रोम या जुन्याच, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाजीने या गोळ्यांचा परिणाम कमी-जास्त होतो, पण ती बंद नाही करायची, रोज साधारण तेवढीच खायची.

वॉर्डातला_माणूस: बरोबर, म्हणून इको आधी. ताई, तुमचं आणि भावाचं म्हणाल तर घरात असलं की धोका थोडा वाढतो, पण बीपी, वजन, दारू तुमच्या हातात आहे. अधूनमधून मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, ठोके कसेही पडले तर ईसीजी. आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गोळी कधी थांबवायची, कधी परत चालू करायची हे कार्डिओलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या, घरच्या घरी बंद करू नका.