अनुभव धागा: नवा रेझर, ॲक्शनपटाचा दुसरा भाग आणि अपेक्षाभंग (ठाणे-नवी मुंबई)

नवा रेझर पहिल्या दाढीला सुरेख चालतो आणि आठवड्याभरात गळ्यावर पुटकुळ्या उठतात, ही तक्रार आपल्या भागात फार ऐकू येते. गाजलेल्या ॲक्शनपटाचा दुसरा भाग बघून आलेल्यांचीही तशीच चिडचिड असते. दोन्ही विषय एकाच धाग्यात घेतले आहेत, कारण दोन्हीकडे नव्या मालात काहीतरी वाढवलेलं असतं (आणखी एक पातं, मोटर, दुप्पट स्फोट), आणि जुनं ज्याच्या जोरावर चालत होतं त्यालाच धक्का लागलेला असतो.

लिहिताना नेमकं काय बिघडलं, कशामुळे आणि काय केल्यावर सुधारलं तेवढं लिहा. तक्रारीत कंपनीचं किंवा दुकानाचं नाव नको.

घोडबंदर रोड

रेझर बदलण्याआधी पाणी बघा. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, पालिकेच्या पाण्याला बोअरची किंवा टँकरची जोड असते. बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात आणि फेसासाठी साबण उरतच नाही. ब्रश फिरवताना फेस दिसतो, पण पहिला गाल होईपर्यंत तो विरतो आणि दुसऱ्या गालावर पातं कोरड्या कातडीवरून खरवडत जातं. बोल मात्र रेझरला लागतो.

तपासायला पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. हँडवॉश किंवा डिटर्जंट वापरू नका, ते जड पाण्यातही फेसतात. वर भरपूर फेस आणि खाली जवळपास स्वच्छ पाणी असेल तर पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधाळ असेल तर जड. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले सगळेच क्षार मोजतो, त्यात साधं मीठही आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. त्यामुळे पिण्याला चालणारं पाणीही फेस विरवू शकतं.

उपाय स्वस्त आहे. फेसापुरतं अर्धी वाटी आरओचं पाणी घ्या. तोंड आणि रेझर धुवायला नळाचं पाणी चालतं.

नौपाडा

पात्यांच्या संख्येबद्दल. गिलेटचा दोन पात्यांचा ट्रॅक टू १९७१ चा, तीन पात्यांचा माख थ्री १९९८ चा, पाच पात्यांचा फ्यूजन २००६ चा. यामागची कल्पना अशी की पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि तो परत आत जाण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. गुळगुळीतपणा त्यातून येतो, आणि पुटकुळ्याही. कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली गेलं की कुरळा किंवा जाड केस वाढताना आतच वळतो. गळ्यावर, जबड्याच्या खाली हा त्रास सर्वांत जास्त, कारण तिथे केस आडवेतिडवे उगवतात. अशांनी कमी पात्यांकडे यावं, जास्त पात्यांकडे जाऊ नये. एकाच जागेवरून पाच पाती तीनदा फिरली तर कातडीवरून पंधरा पाती गेली, हा हिशोब लक्षात ठेवा.

दुसरी अडचण केस अडकण्याची. पात्यांमधली फट अरुंद असते. दोन-तीन दिवसांची दाढी असेल आणि रेझर मगातल्या पाण्यात बुचकळला, तर केस आणि साबण मिळून फट बुजते. वाहत्या नळाखाली मागच्या बाजूने धार सोडली तर ती मोकळी होते. पण पाणी ठरावीक वेळेला येणाऱ्या घरात मगच हाताशी असतो. हे ओळखून २०१० मध्ये भारतासाठी गिलेट गार्ड आला: एकच पातं, पुढे दातेरी पट्टी, धुवायला सोपा. मगावर दाढी करणाऱ्याने महागडं कार्ट्रिज (दांडीवर बसणारं अनेक पात्यांचं बदलतं डोकं) घेण्याआधी हा प्रकार वापरून बघावा, असं माझं ठाम मत आहे. कार्ट्रिज बेसिनच्या काठावर आपटून साफ करू नका. पाती जागेवरून हलतात आणि पुढच्या वेळी एका बाजूने कापतं.

वाशी

वरचं वाचून कोणी दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरकडे वळणार असेल, तर तिथेही निराशेची ठरलेली कारणं आहेत.

तीन भागांच्या रेझरमध्ये वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडी असते. ब्लेड टोपीच्या खुंट्यांवर बसतं, त्यावर पट्टी येते आणि दांडी पिळून सगळं आवळलं जातं. ब्लेडचं माप सगळीकडे सारखं, साधारण ४३ × २२ मिलिमीटर, जाडी ०.१ मिलिमीटर. म्हणून कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही रेझरला बसतं. पण स्वस्त रेझरच्या खुंट्या जराशा बारीक असल्या की ब्लेडला खेळायला जागा मिळते आणि ते तिरकं आवळलं जातं. मग एका बाजूला धार जास्त बाहेर आणि दुसऱ्या बाजूला जवळपास झाकलेली. एक बाजू कापते, दुसरी नुसती घासते.

बसवताना असं करा. टोपी उलटी धरून ब्लेड ठेवा, पट्टी ठेवा, दांडी अर्धवट पिळा. मग ब्लेडच्या आखूड कडा (जिथे धार नसते त्या) दोन बोटांत धरून डोकं टेबलावर किंचित दाबा आणि दांडी पूर्ण आवळा. उजेडात समोरून बघा: दोन्ही बाजूंना धारेची रेघ सारखी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सैल करून ब्लेड सरकवा. दोन-तीन वेगळी ब्लेडं लावूनही एकच बाजू बाहेर राहत असेल तर ओतकामातच दोष आहे, रेझर परत करा.

घेताना धातू विचारा. स्वस्त डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वर क्रोमचा मुलामा. मुलामा उडाला की आतला धातू काळवंडतो आणि खरबरीत होतो. टोपीच्या मधल्या खिळ्याचे आटे मऊ असतात. जोर लावून आवळलं की ते जातात, आणि त्या रेझरला दुरुस्ती नाही. बोटांच्या जोराने आवळून थांबा, पक्कड कधीच लावू नका. पितळेचा किंवा स्टीलचा रेझर महाग पडतो, पण आटे टिकतात. दांडी पिळल्यावर पंख उघडणारा प्रकार सोयीचा वाटतो खरा, पण त्याच्या बिजागरीत साबण साचून पंख पूर्ण मिटत नाहीत आणि ब्लेड थरथरतं. दर काही दिवसांनी गरम पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासावा लागतो.

कोन आणि भार: टोपी गालाला सपाट टेकवा, मग दांडी हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला लागल्याचा आवाज येईल तिथे थांबा. तो कोन साधारण ३० अंशांचा असतो. कार्ट्रिजची सवय असलेला हात आपोआप दाबतो, आणि नव्या सेफ्टी रेझरने कापण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. रेझरचं वजन पुरेसं आहे.

ऐरोली

बॅटरीवर थरथरणारा रेझर घ्यायचा असेल तर बॅटरीच्या झाकणाचा रबरी वायसर आधी बघा. तो सैल असला की पाणी आत जातं, स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर चढतो आणि मोटर बंद पडते. थर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला जातो. पातं तेच असेल तर थरथरीने कापण्यात मोठा फरक पडत नाही.

कोपरी

सिनेमाच्या बाजूचं. पहिल्या भागातली मारामारी आवडते, कारण कोण कुठे उभा आहे, दार कुठे आहे, हत्यार कुठे पडलंय हे प्रेक्षकाला कळत असतं. कॅमेरा मागे असतो, अख्खं शरीर दिसतं, फटका लागेपर्यंत शॉट तुटत नाही. दुसऱ्या भागात खर्च वाढतो आणि इथेच घसरण होते. मुख्य नटाच्या तारखा कमी, म्हणून अर्धी मारामारी डुप्लिकेटवर पाठीमागून आणि नटाचे क्लोजअप नंतर वेगळे. हे सांधायला संकलकाला दर सेकंद-दीड सेकंदाला कट मारावा लागतो. फटका सुरू होताना एक शॉट, लागताना दुसरा, पडताना तिसरा. मधली ताकद कटात हरवते. चांगला संकलक कटच्या दोन्ही बाजूंना काही फ्रेम पुन्हा दाखवतो, त्यामुळे फटका जड वाटतो. घाईत ते राहून जातं.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. २२ फ्रेमने चित्रित करून २४ ने दाखवलं की हालचाल जराशी वेगवान होते आणि डोळ्याला खटकत नाही. १८ ने केलं की माणसं बाहुल्यांसारखी पळतात. स्फोटांचंही तेच: आग खरी असेल तर तिचा उजेड चेहऱ्यावर आणि भिंतीवर पडतो, संगणकावर नंतर घातलेल्या आगीत चेहरा कोरडाच राहतो. सेटवर नारिंगी दिवे हलवले तर हे झाकता येतं, पण त्यासाठी चित्रीकरणाआधी आगीची जागा ठरलेली लागते. दुसऱ्या भागात पटकथाच शेवटपर्यंत बदलत असेल तर ती ठरत नाही.

कथेबद्दल एवढंच: पहिल्या भागात नायकाला गमावण्यासारखं एक माणूस असतं, दुसऱ्यात अख्खं जग असतं. जगाची काळजी वाटत नाही, माणसाची वाटते.

सीवूड्स

कोपरीच्या प्रतिसादाशी सहमत, पण काही वेळा दोष सिनेमागृहाचा असतो. हॉलमधल्या आवाजाच्या प्रोसेसरवर ७ हा प्रमाणित स्तर. सिनेमाच्या आवाजांचं मिश्रण त्या हिशोबाने केलेलं असतं. तक्रारी आल्या की हॉलवाले आवाज खाली आणतात. मग स्फोट सोसवतात, पण मधल्या स्पीकरमधून येणारे संवाद पुटपुटल्यासारखे होतात. टूडीसाठी पडद्याचा प्रमाणित उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजण्याचं एकक) आहे. थ्रीडीत चष्मा आणि फिल्टरमुळे तो बराच उतरतो. रात्रीच्या पाठलागाचा काळा चिखल होतो तो यामुळे. अंधारातली दृश्यं जास्त असलेला सिनेमा टूडीतच बघा. जागा मधल्या रांगेच्या थोडी मागे, ऐन मध्यावर घ्या. संवाद कळत नसतील तर मध्यंतराची वाट न बघता बाहेर जाऊन सांगा. आवाज प्रोजेक्शन खोलीतून वाढवता येतो.

नेरूळ

पातं लवकर बोथट का होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. केस स्टीलपेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी धारेचे टवके उडतात. धार सगळीकडे एकजीव नसते. केस वाकून तिरका लागला की धारेच्या कच्च्या जागी ताण एकवटतो आणि बारीक तुकडा निघतो. म्हणजे केस जितका कडक आणि कोरडा, तितके पात्याचे हाल. म्हणून दाढी आंघोळीनंतर, निदान दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजवून करा. पातं टॉवेलला पुसू नका, धारेवरचा टेफ्लॉनचा पातळ थर खरवडला जातो. झटकून उभं ठेवा.

पावसाळ्यात बाथरूम महिनोन् महिने सुकत नाही, तेव्हा रेझर बाहेर खिडकीपाशी ठेवलेला बरा. कार्ट्रिजवरची बुळबुळीत पट्टी ओलाव्याने फुगते आणि पात्याच्या वर येते. मग नवं कार्ट्रिजसुद्धा कापत नाहीसं वाटतं.

कळवा

सलूनच्या कामातून सांगतो. गिऱ्हाईक घरच्या रेझरबद्दल कुरकुरतं तेव्हा बहुतेक वेळा उलटा हात आधी मारलेला असतो. आधी केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवा, आणि कातडीला सोसत असेल तरच उलटा. गळ्याला उलटा हात शक्यतो नकोच. बोटाने चाचपून केसांची दिशा बघा: गळ्याच्या दोन्ही बाजूंना ती वेगळी असते. क्रीम वाटाण्याएवढं पुरे. ब्रश पिळून घ्या आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवा. फेस दह्यासारखा घट्ट हवा, साबणाच्या बुडबुड्यांचा नको. शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवा आणि मिनिटभराने धुवा. जिथे जास्त झोंबतं तिथे हात जास्त दाबला गेला आहे.

खारघर

परत करण्याबद्दल. वेष्टनावर कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला असावा लागतो. नसेल तर घेऊच नका. फुटपाथवरच्या नकली कार्ट्रिजची खूण म्हणजे बुळबुळीत पट्टीचा रंग पहिल्या पाण्यातच उतरतो आणि दांडीवर बसताना कट्ट असा आवाज येत नाही. ऑनलाइन घेतलेला रेझर तिरका निघाला तर ब्लेडसकट समोरून फोटो काढा, मगच परतीची विनंती टाका; वापरलेला माल म्हणून नाकारतात तेव्हा हाच पुरावा उपयोगी पडतो. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

घोडबंदर रोड

वाशीच्या प्रतिसादाला एक जोड. दुधारी ब्लेडं सुरू केली की वापरलेल्या ब्लेडांचा प्रश्न येतो. सुक्या कचऱ्यात सुटी टाकू नका, वर्गीकरण करणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या बंद डब्याला वर ब्लेड जाईल एवढीच चीर पाडा. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरात "ब्लेड" लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या.