फॅनफिकचा मराठीत रीमिक्स: परवानगी, श्रेय आणि एओथ्रीवर टाकण्याची पद्धत

अर्धविराम
आर्काइव्ह ऑफ अवर ओन (एओथ्री) या साइटवर होम्स-वॉटसनची एक इंग्रजी फॅनफिक (दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा) आहे, साधारण ६,००० शब्दांची. तिचा मराठीत रीमिक्स करायचा आहे. म्हणजे कथानक तेच, पण होम्सची घरमालकीण मिसेस हडसन हिच्या नजरेतून. त्याच लेखिकेच्या दुसऱ्या छोट्या कथेचं सरळ भाषांतरही करावंसं वाटतंय. होम्स आता सगळ्यांचाच झाला आहे, मग परवानगी लागते का? मूळ फिकमधले संवाद किती उचलले तर चालतात? मूळ कथेची लिंक नेमकी कुठे द्यायची? लेखिकेने बऱ्याच काळात नवीन काही टाकलेलं नाही, त्यामुळे विचारलं तरी उत्तर येईल याची खात्री नाही. तोच रीमिक्स प्रतिलिपी या कथांच्या साइटवरही टाकायचा विचार आहे.

कलम५७
आधी होम्सचा गुंता सोडवू. कॉनन डॉयल १९३० साली गेले. भारतात त्यांच्या कथांवरचा हक्क केव्हाच संपला आणि अमेरिकेत शेवटच्या कथाही १ जानेवारी २०२३ ला मुक्त झाल्या. पण मुक्त झाला तो डॉयलचा होम्स. बीबीसीच्या २०१० पासूनच्या मालिकेतला होम्स, तिच्यातली नवी पात्रं, नवे प्रसंग हे निर्मात्यांचंच. तुम्ही म्हणता ती फिक कुठल्या होम्सवर आहे ते एकदा बघा.

आणि दोन्हीपैकी कुठल्याही होम्सवर असो, त्या लेखिकेने स्वतः लिहिलेली वाक्यं तिची आहेत. पात्र मुक्त म्हणून तिचा मजकूर मुक्त होत नाही, इथेच बहुतेक जण फसतात. ती परदेशी असली तरी बर्न करारामुळे (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) तिला इथे संरक्षण आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा आहे (कलम १४). कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा आणि कृतीची बदनामीकारक मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्कही त्याच्याकडेच राहतो. कलम ५२ मधली सूट खासगी वापर, टीका, परीक्षण, वृत्तांकन यांसाठी आहे. "पैसे घेत नाही, मग काय झालं?" हा बचाव त्यात बसत नाही.

रीमिक्सची गोष्ट थोडी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलं की कल्पना कोणाच्या मालकीची नसते, मांडणी असते. म्हणजे "भांडण होतं, एक जण घर सोडतो, परत येतो" हे कोणीही लिहावं. पण प्रसंगांचा क्रम, बारकावे आणि संवाद तसेच्या तसे आले की ती मांडणीच झाली. भाषा बदलल्याने सुटका नाही.

जिन्याखालचा
संवादांचं कोष्टक कोणी देऊ शकत नाही, पण एक कसोटी उपयोगी आहे: तुमच्या निवेदकाला जे ऐकू येणारच नाही, ते वापरायचं नाही.

समजा मूळ फिकमध्ये वरच्या खोलीत दोघांचं भांडण आहे आणि त्यात वीस संवाद आहेत. डॉयलने होम्सच्या घराच्या, २२१बीच्या जिन्याला सतरा पायऱ्या दिल्या आहेत. मिसेस हडसन ट्रे घेऊन बाराव्या पायरीवर थांबली असेल तर दार बंद असताना तिला काय कळेल? आवाज चढला की शब्द, उतरला की नुसती गुणगुण. वीसपैकी दोन-तीन वाक्यं, तीही तुटकी. मग लिहिणं असं होईल:

"डॉक्टरांचा आवाज कधी एवढा चढत नाही. 'तीन वर्षं' एवढंच धड ऐकू आलं. चहावर साय धरायला लागली तरी मी पायरीवरच उभी."

यातले "तीन वर्षं" हे दोन शब्दच मूळ कथेचे, बाकी सगळं तुमचं. मूळ फिक वाचलेल्याला तो प्रसंग लगेच ओळखू येतो, न वाचलेल्याचंही काही अडत नाही. तोच संवाद अख्खा मराठीत उतरवून मध्ये मध्ये "मिसेस हडसन ऐकत होती" असं घातलंत तर ते भाषांतरच, वर हडसनबाईंचं ठिगळ.

सहा हजार शब्द पुरे व्यापायचा हट्टही धरू नका. रीमिक्स बहुतेक वेळा पसरटपणामुळे फसतो. दोन किंवा तीन प्रसंग निवडा, त्यांच्या मधल्या वेळात मूळ कथा गप्प आहे तिथे तुमचं पात्र काय करत होतं ते लिहा. नवी सामग्री तिथेच सापडते: घरभाडं, मोलकरीण, रात्री-अपरात्री येणारी माणसं. शेवट मात्र बदलू नका. बदललात तर ती "प्रेरित" कथा होते. त्यात काही वाईट नाही, पण तिला रीमिक्स म्हणू नये.

टाकण्याआधी दोन बीटा वाचक (मसुदा वाचून चुका सांगणारे) घ्या. एकाने मूळ फिक वाचलेली असावी, दुसऱ्याने अजिबात नाही. दुसरा जिथे अडखळेल तिथे तुम्ही मूळ कथेवर रेलून बसला आहात असं समजा.

रात्रपाळी
एओथ्रीवर टाकण्याची पद्धत सांगतो. खातं नसेल तर आधी आमंत्रणाच्या रांगेत ईमेल द्या, लगेच मिळत नाही.

नवी कथा टाकायच्या फॉर्ममध्ये "हे काम रीमिक्स, भाषांतर, पॉडफिक (फिकचं ध्वनिमुद्रित वाचन) किंवा दुसऱ्या कामावरून प्रेरित आहे" अशा अर्थाची चौकट असते. तिच्यावर खूण केली की खाली रकाने उघडतात. मूळ कथा एओथ्रीवरच असेल तर फक्त तिचा पत्ता पुरतो. पत्ता कथेचा द्या, एखाद्या प्रकरणाचा नको. मूळ कथा बाहेरच्या साइटवर असेल तर शीर्षक, लेखक, भाषा वगैरे हाताने भरावं लागतं. भाषांतर असेल तर शेजारची भाषांतराची वेगळी खूण विसरू नका, ती राहिली तर तुमचं भाषांतर नुसतं "प्रेरित" म्हणून दिसतं.

प्रकाशित केल्यावर मूळ लेखिकेला सूचना जाते. तिने मान्य केलं तर तिच्या कथेवरही तुमच्या कथेची लिंक येते. मान्य केलं नाही तरी तुमच्या बाजूने तिच्याकडे जाणारी लिंक राहतेच.

शीर्षकाचा जुना रिवाज २००३ पासूनच्या रीमिक्स उपक्रमांतून आलेला आहे: मूळ शीर्षक, पुढे कंसात "अमुक रीमिक्स". उदाहरणार्थ "(बारावी पायरी रीमिक्स)". मूळ शीर्षक आणि लेखिकेचं टोपणनाव तिने लिहिलंय त्याच लिपीत ठेवा, देवनागरीत केलं की शोधात सापडत नाही. फँडम (मूळ कलाकृती, इथे होम्स), पात्रं यांचे टॅगही सुचवलेल्या यादीतूनच घ्या. मराठीत टॅग लिहिता येतात, पण वाचक त्यावरून गाळणी लावत नाहीत. सगळे मिळून ७५ टॅगची मर्यादा आहे, एवढे कोणाला लागतात देव जाणे. भाषेच्या रकान्यात मराठीऐवजी चुकून इंग्रजी निवडलीत तर इंग्रजी वाचकांच्या यादीत जाऊन पडाल.

आणखी दोन अडचणी नेहमीच्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आणि वर्डमधून चिकटवलं की कधी कधी दोन परिच्छेदांत दुप्पट रिकामी जागा येते, म्हणून पूर्वदृश्य पाहिल्याशिवाय प्रकाशित करू नका. मसुदा तिथे जपून ठेवण्याच्या भरवशावर राहू नका, महिन्याभरात आपोआप पुसला जातो.

कोरीपाटी
परवानगीबद्दल. आधी लेखिकेचं प्रोफाइल पाहा. बरेच जण तिथे सरसकट परवानगी लिहून ठेवतात, पण ती नीट वाचा. रीमिक्स, पॉडफिक, चित्रं आणि भाषांतर यांना वेगवेगळी उत्तरं असू शकतात. "रीमिक्स चालेल, भाषांतरासाठी विचारा" असं पुष्कळदा दिसतं.

काहीच लिहिलेलं नसेल तर त्या कथेखाली प्रतिक्रियेत विचारा. थोडक्यात: कुठली कथा, काय करणार, कुठल्या भाषेत, कुठे टाकणार. "तुमच्या कथेवर काहीतरी करू का?" या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही.

उत्तर आलं नाही तर भाषांतर टाकू नये. लेखिकेने तक्रार केली की ते उतरवलं जातं, आणि ते योग्यच आहे. रीमिक्सही टाकू नये असं माझं मत.

जिन्याखालचा
भाषांतराबद्दल सहमत, रीमिक्सबद्दल नाही. वाक्यं स्वतःची असतील, ठळक लिंक असेल आणि प्रोफाइलवर "नको" लिहिलेलं नसेल तर वाट पाहून टाकायला हरकत नसावी. लेखिका स्वतः दुसऱ्याच्या जगात लिहिते आहे. हटकलं तर मात्र वाद न घालता काढायचं.

कोरीपाटी
कायद्याने चालेलही. पण एओथ्रीवरची माणसं एकमेकांच्या शब्दावर चालतात, आणि मराठी लिहिणारे तिथे इतके थोडे की एकाने गडबड केली की सगळ्यांच्या नावाने खडे फोडले जातात. असो. मूळ कथा फक्त सभासदांना दिसेल अशी कुलूपबंद असेल तर आपलीही तशीच ठेवावी, याला तरी तुम्ही ना म्हणणार नाही.

जिन्याखालचा
नाही म्हणत. कुलूप असेल तर तिच्यातला उताराही बाहेर टाकू नये.

अर्धविराम
प्रोफाइलवर सापडलं: रीमिक्स, पॉडफिक चालेल, भाषांतराचा उल्लेखच नाही. म्हणजे रीमिक्स लिहायला घेते, भाषांतरासाठी विचारते. प्रतिलिपीचं राहिलं.

कलम५७
तिने परवानगी एओथ्री डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे, जिथे कमाईला मज्जाव आहे. तिथे टिपेमध्ये "मला कॉफी पाजा" छापाची लिंक दिली तरी कथा अडचणीत येते. प्रतिलिपीवर लेखकाला पैसे मिळवून देणाऱ्या सोयी आहेत, म्हणून तिथल्यासाठी वेगळं विचारा आणि त्या सोयी बंद ठेवणार हेही प्रश्नातच लिहा. शिवाय तिथे मूळ कथेशी जोडणारा रकाना नाही असं धरून चाला. श्रेय पहिल्याच परिच्छेदाच्या वर द्या: मूळ कथेचं नाव, लेखिकेचं टोपणनाव, पूर्ण पत्ता, "रीमिक्सची परवानगी लेखिकेच्या प्रोफाइलवर" आणि तारीख. त्या प्रोफाइलचा आज स्क्रीनशॉट काढून ठेवा, उद्या खातं गेलं तर हाताशी काही राहत नाही.