मेहनतीच्या माणसाला वेगळा व्यायाम कशाला?

खाणकाठ (धागाकर्ता): माझा भाऊ राजापूरकडे जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर अठरा वर्षं काम करतोय. मे महिन्यात ट्रक भरताना कमरेत उसण भरली. चार दिवसांनी डाव्या पायाला मुंग्या आल्या, मणक्यातली गादी सरकली होती. घरी सगळे म्हणतात, एवढ्या मेहनतीच्या माणसाची कंबर जाईलच कशी?

माझ्या मते मेहनत म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात वजन हळूहळू वाढवतात, मध्ये विश्रांती असते, अंगाच्या दोन्ही बाजू राबतात. भाऊ मात्र दरवेळी उजवीकडेच वळून चिरा हौद्यात टाकतो. ओला चिरा जास्त जड, तरी हात तेवढाच भरभर चालवायचा, कारण मजुरी नगावर. पावसाळ्यात खाण बंद असते. तेव्हा आठवड्यातून दोनदा जरी ताकदीचा व्यायाम केला असता, तर हंगामाला अंग तयार राहिलं असतं.

रापणकर: आमका जिम कित्याक होयी? माझे आजोबा सत्तरीपर्यंत रापणीचं मासेमारीचं जाळं ओढत होते. आणि पावसाळा मोकळा कुठे असतो? भातलावणीला दिवसभर वाकून रात्री कोण बैठका मारणार?

खाणकाठ: आजोबा टिकले, म्हणून आपल्याला दिसले. कंबर धरून पंचेचाळिशीत घरी बसले, त्यांचं नाव कोण काढतो? लावणीचे दिवस सोडा, हे मान्य.

गोदीवरचा: मला हा सगळा रोखच पटत नाही. दुखापत झाली की मजुराचंच अंग कमी पडलं, असं ठरवायचं का? अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही उचलायच्या वजनाची शिफारस 23 किलोपर्यंतच आहे. आपल्याकडे सिमेंटची गोणी 50 किलोची. हमालांसाठी माथाडी कायदा 1969 मध्ये झाला, तो अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. बैठका मारून नव्हे. आधी ओझं कमी करा, दोघांना मिळून उचलू द्या, नगावरची घाई थांबवा.

खाणकाठ: ओझं कमी व्हायलाच हवं, त्यासाठी मी तुमच्यासोबत येईन. पण मुकादम ऐकेपर्यंत भावाने काय करायचं? स्नायू लवकर बळावतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. हंगामाच्या पहिल्या दिवशीच पूर्ण भार घेतला की तिथेच घात होतो.

फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर आता तो दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या कळशा घेऊन अंगणात चालतो. खुब्यातून वाकून रिकामी पाटी उचलायची सवय करतोय. परवा आईने पाटीत दोन नारळ टाकले. त्याने पाटी पोटाशी धरली आणि आधी पाय फिरवून मग वळला.

रापणकर: कळशांचं आम्हाला जमेल. किती पावलं चालतो, ते लिहा.